दहापेक्षा कमी

२१ जून

धाकटे,

पोहोचल्याचं तुझं कार्ड मिळालं. चार ओळी, त्यातल्या तीन लेकीबद्दल आणि एक हवेबद्दल. मी कशी आहे हे विचारायला जागा उरली नसेल. मी बरी आहे.

तुझी लेक खाते, पिते, झोपते. पहिले दोन दिवस रडली. तिसऱ्या दिवशी मी सांगितलं, रडायचं असेल तर न्हाणीघरात जाऊन रड, मला इथे काम आहे. गेली. दहा मिनिटांनी तोंड धुऊन बाहेर आली, तेव्हापासून रडणं बंद. तुझ्यापेक्षा समजूतदार म्हणायची. तुला हे तिशी उलटून गेली तरी जमलेलं नाही.

यापुढे मी पत्रच लिहिणार. रविवारी फोन करशील तेव्हा लेकीशी बोल, माझ्याशी नको. फोनवर तू हुंदके देतेस. पत्र वाचताना दिलेस तर निदान मला ऐकावे लागत नाहीत.

काही गोष्टी आधीच स्वच्छ सांगितलेल्या बऱ्या. तू त्या परक्या भाषेच्या गवंड्याशी लग्न केलंस तेव्हापासून नऊ वर्षं आपण बोललो नव्हतो. त्याची भाषा शिकलीस, त्याच्या आईला आई म्हणालीस, आणि आपली आई तुझी वाट बघत गेली तेव्हा तुझा पत्ता नव्हता. तो परांचीवरून पडून गेला, मी आले नाही. त्याची आई गेली, तेव्हाही नाही. मग गेल्या महिन्यात तू माझ्या दारात. एका हातात पेटी, दुसऱ्या हातात आठ वर्षांची पोर. लांबच्या इस्पितळात नर्सची नोकरी लागली, दोन वर्षांचा करार, मुलं न्यायची परवानगी नाही, "ताई, तुझ्याशिवाय मला आहे कोण!" नऊ वर्षांनी का होईना, आठवण झाली. मी ठेवून घेतलं. दोन वर्षांनी येशील आणि तिला घेऊन जाशील असं ठरलं आहे. माझ्या चांगलं लक्षात आहे, प्रत्येक कार्डात लिहायची गरज नाही.

तिसरीत घातली आहे, माझ्याच शाळेत. मुख्याध्यापिकेची भाची म्हणून कुणी लाड करणार नाही याची काळजी मी घेतली आहे.

ताई

८ जुलै

धाकटे,

शाळा कशी चालली आहे असं विचारलंस. तू उगीच विचारलंस हे मला कळतं, तरी उत्तर देते, कारण यात तुझं काम आहे.

तू ताप मोजतेस, मी मुलं मोजते. दोनशे अकरा आहेत. पण दोनशे अकरा म्हणून त्यांना कोणी मोजत नाही. मुलगे किती, मुली किती, शाळेतच जेवणारी किती, पालक नसलेली किती, घरची भाषा वेगळी असलेली किती. प्रत्येकाचा वेगळा रकाना. मार्चमध्ये परीक्षा झाली की प्रत्येक रकान्याचा निकाल वेगळा लागतो आणि प्रत्येक रकान्यात शंभरातली साठ मुलं पास व्हावी लागतात. एक जरी रकाना साठच्या खाली गेला तरी अख्खी शाळा नापास. आम्ही दोन वर्षं नापास आहोत. दोन्ही वर्षी एकाच रकान्याने घात केला, घरची भाषा वेगळी. तिसऱ्यांदा नापास झालो की शाळेला टाळं. मुलं तीन शाळांत वाटून टाकतील, शिक्षकांना कुठेही फेकतील आणि मला कुणातरी कालच्या पोरीच्या हाताखाली बसवतील. सव्वीस वर्षं झाली मला इथे. या शाळेच्या कुठल्या खिडकीची कडी लागत नाही हे मला डोळे मिटून सांगता येईल.

पण नियम करणाऱ्यांनाही मन असतं. रकान्यात दहापेक्षा कमी मुलं असली तर त्या रकान्याचा निकाल छापत नाहीत, धरतही नाहीत. तिथे आडवी रेघ मारतात. का, तर इतक्या थोड्या मुलांत कोण नापास झालं ते आजूबाजूच्यांना ओळखू येतं आणि पोरांची अब्रू जाते.

गेल्या वर्षी त्या रकान्यात बारा होती. एक मुलगी आपणहून गेली. दोघे भाऊ होते, दुसरीत आणि चौथीत. त्यांचं घर रुळांच्या पलीकडे आहे, म्हणजे कागदावर ती पलीकडच्या शाळेची. चार वर्षं हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, या मे महिन्यात माझ्या आलं. त्यांची आई शिवणकाम करते. तीन सकाळ फाटकाशी उभी होती. ऊन होतं म्हणून मी शिपायाला सांगितलं, त्यांना सावलीत उभं करा. चौथ्या दिवशी आली नाही.

उरली नऊ. नऊ म्हणजे रेघ, रेघ म्हणजे शाळा वाचली. मी सुटकेचा श्वास सोडला तोच तू तुझं कन्यारत्न आणून टाकलंस. वडिलांची भाषा, ती. आई मुलीशी घरात बोलते ती भाषा, तीच. प्रवेश अर्जावर तुझ्याच हाताने लिहिलेलं आहे, मोठ्या अक्षरांत, ठसक्यात. दहा.

सोबत एक कागद आहे. मुलीशी मी माझ्याच मातृभाषेत बोलते, आधीची नोंद चुकून झाली, एवढंच त्यावर छापलं आहे. खाली सही कर आणि लगेच पाठव. वडील नाहीत, म्हणजे तुझ्या शब्दावर काम होईल. तुझ्या अंगाला काही भोकं पडणार नाहीत.

ताई

१९ ऑगस्ट

धाकटे,

कागद कोरा परत आला. मागच्या बाजूला तुझी एक ओळ: "ताई, ती तिच्या बापाची भाषा आहे, तिच्याकडे त्याचं तेवढंच उरलंय."

वा! दोनशे अकरा मुलांची शाळा, चौदा शिक्षक, एक शिपाई, एक कारकून, आणि पलीकडच्या पारड्यात एका मेलेल्या गवंड्याची बडबड. कारकुनाला वाचून दाखवावीशी वाटली ही ओळ. तो पंधरा वर्षं माझ्याकडे आहे, मुलीला पाच वाढीव गुण हवेत म्हणून आलेल्या नगरसेवकाला त्याने हात हलवत परत पाठवलेलं आहे, त्याला ऐकून गंमत वाटली असती.

उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. तू तिकडे पांढरे बूट घालून फिर, इकडे तुझ्या लेकीला दोन वेळा खाऊ मी घालते, तिच्या वेण्या मी घालते, उवा मी काढल्या. होय, उवा. तुझ्या घरून आल्या होत्या.

तू सही करत नाहीस तर नको. भाषा असते कुठे? तोंडात. तोंड माझ्या घरी आहे.

ताई

११ सप्टेंबर

धाकटे,

चाचणीचे कागद तपासून झाले. तुझी लेक: भाषा पन्नासपैकी अकरा, गणित पन्नासपैकी सोळा. त्या दहांत खालून दुसरी. तिच्या खाली जो एक आहे त्याला अजून डावा-उजवा हात कळत नाही. तिसरीच्या बाई मला म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे हो, पण आधी त्यांच्या भाषेत विचार करते आणि मग आपल्या भाषेत आणते. तोवर घंटा होते." तिसरीच्या बाई तरुण आहेत, सगळीच मुलं त्यांना हुशार वाटतात.

त्या रकान्यातली पाच जेमतेम पास होतील, तीही मी मानेवर बसले तर. सहावं नाव माझ्याकडे नाही. तुझी लेक सहावी होईल असं कुणी सांगितलं तर मी हसेन. दहात पाच म्हणजे पन्नास टक्के, म्हणजे टाळं. तिला त्या रकान्यातून बाहेर काढल्याशिवाय गत्यंतर नाही. हे मी तुला सांगते आहे, विचारत नाही.

ती गणितं करताना पुटपुटते. बोटं मोजते ती त्यांच्या आकड्यांत. परवा मी तिचे दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवायला लावले आणि सांगितलं, आता कर. अर्धा तास गेला. उत्तर चुकलं, पण आपल्या भाषेत चुकलं.

ताई

९ ऑक्टोबर

धाकटे,

दोन रविवार फोन लागला नाही म्हणून एवढा आकांत कशाला? रस्त्याचं खोदकाम चालू आहे. त्याच्या आधीच्या रविवारी तिचा घसा बसला होता. आणि त्याच्या आधी ती झोपली होती. मुलं झोपतात.

तू पत्र लिही. आपल्या भाषेत लिही, म्हणजे मला वाचून दाखवता येईल.

ताई

२६ नोव्हेंबर

धाकटे,

बरं, ऐक. रस्त्याचं खोदकाम कधीच नव्हतं. फोन मी काढून ठेवला आहे. तू रविवारी वीस मिनिटं तिच्याशी त्या भाषेत गुलुगुलु बोलायचीस आणि सोमवारी सकाळी माझ्यापुढे पाटी कोरी. सहा दिवस घासायचं आणि सातव्या दिवशी तू येऊन चिखल करायचा, हे मला परवडणारं नाही.

मी तिला मारत नाही, हे लिहून ठेव. तुला वाटत असेल ताई छडी घेऊन बसते. सव्वीस वर्षांत मी एकाही मुलावर हात उचललेला नाही, त्याची गरजच पडत नाही. ती त्या भाषेत बोलली की मी ऐकत नाही, एवढंच. खोलीत कुणी बोललंच नाही असं वागते. पहिले काही दिवस ती माझा पदर ओढायची, समोर येऊन उभी राहायची, जोरात बोलायची. मग कळलं तिला.

मागच्या आठवड्यात ताप आला होता. एकशे तीन. तू नर्स आहेस म्हणून आकडा सांगते. मी उशाशी बसले होते, वह्या तपासत. तिने पाणी मागितलं, त्या भाषेत. तापात मुलं मागे जातात. मी वही तपासत राहिले. पुन्हा मागितलं. पुन्हा. मग बराच वेळ पडून राहिली. छताकडे बघत ओठ हलवत होती, शोधत होती. आणि चौथ्यांदा म्हणाली, "मावशी, पाणी दे." स्वच्छ. एक अक्षर वाकडं नाही. मी लगेच दिलं, डोकं धरून पाजलं, दोन ग्लास. त्या दिवसानंतर तिच्या तोंडून त्यांचा एक शब्द आलेला नाही. झोपेतसुद्धा नाही, मी लक्ष ठेवून आहे.

मला मायाच नाही असं तू मागे म्हणाली होतीस. त्या दिवशी शाळा सोडून मी घरी थांबले होते. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

तुझी पत्रं वाचून दाखवते. काही ओळी गाळते. "लवकरच येईन" वगैरे. लवकर नाही, मग खोटी आशा का लावायची? पोर हल्ली जेवताना माझ्या शेजारी बसते, समोर नाही. तिला माझ्यासारखी वाटीची कड पुसून घ्यायची सवय लागली आहे. हसू येतं मला.

ताई

१७ जानेवारी

धाकटे,

वरच्या कार्यालयाची तपासणी झाली. तपासनीस बाईंनी त्या रकान्यातल्या प्रत्येक मुलाला एकेक करून माझ्या खोलीत बोलावलं. आता तिथे नऊ नावं आहेत. कसं काय ते विचारू नकोस. सगळं नियमाला धरून झालं आहे.

आमची खुशाल आहे.

ताई

१२ मे

धाकटे,

पास! शाळा पास झाली!

निकालाचा कागद सकाळी आला. कारकुनाने तो धावत आणला, धापा टाकत, मला वाटलं आता हाच जातो. सगळे रकाने साठच्या वर. आणि त्या रकान्यात सुंदर, सरळ, आडवी रेघ. मी बोट फिरवून पाहिलं तिच्यावरून. चौदा शिक्षक माझ्या खोलीत उभे होते, तिसरीच्या बाई रडल्या, शिपायाने न सांगता घंटा दिली आणि पोरं मधल्या सुट्टीआधीच मैदानात सांडली. मी कुणाला रागावले नाही. पुढची तीन वर्षं या शाळेकडे कुणी वाकडा डोळा करून बघणार नाही.

त्या नवांचा आतला निकाल फक्त मला आणि कारकुनाला कळतो. पाच पास, चार नापास, अगदी मी म्हटलं होतं तसं. आणि आमची? भाषा पन्नासपैकी एक्केचाळीस. गणित पन्नासपैकी सत्तेचाळीस, वर्गात पहिली. सप्टेंबरात सोळा होते ना तिला, त्याचे सत्तेचाळीस केले मी. रोज दोन तास, माझ्या स्वयंपाकघरात, पोळपाट बाजूला सारून. तिसरीच्या बाई सगळ्यांना सांगत सुटल्या आहेत की मी तर आधीच म्हटलं होतं. म्हणोत बापड्या.

तिला मी निळी चप्पल आणली. तिने ती घालून खोलीत तीन फेऱ्या मारल्या आणि मग माझ्या पायांशी बसून माझ्याही चपला पुसल्या. कुणी सांगितलं नव्हतं.

ताई

३ जून

धाकटे,

तुझं पत्र मिळालं. इस्पितळाने दुसऱ्या वर्षी मुलं आणायची परवानगी दिली, तुला बारा दिवसांची रजा मिळाली, पंधरा तारखेला येतेस, लेकीला घेऊन जातेस, तिकडच्या शाळेत घालायला दाखला लागेल तो तयार ठेव. आणि मग तो प्रश्न: "ताई, नऊ कशी? माझी धरून दहा होती ना? मी तर सही केली नव्हती."

मोजता येतं तर तुला.

जानेवारीत काय झालं ते आता सांगते, कारण तू इथपर्यंत येऊन दारात उभं राहण्यापेक्षा तिथेच वाचलेलं बरं. तपासनीस बाई माझ्या खुर्चीत बसल्या होत्या, मी बाजूला, ती समोर, पाय जमिनीला टेकत नाहीत अशी. बाईंनी विचारलं, घरी कोण कोण असतं. म्हणाली, मी आणि मावशी. वडील? वारले. बाईंनी विचारलं, आणि आई? आई तुझ्याशी कुठल्या भाषेत बोलते? तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "आई पण वारली."

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, भाषेच्या रकान्यातून नाव खोडलं, कारण आई-वडील दोघेही नसले की सांभाळणाऱ्याची भाषा धरतात, आणि पालक नसलेल्या मुलांच्या रकान्यात घातलं. ती तिथे सतरावी. मग कागद माझ्याकडे सरकवला. पालक म्हणून मावशीची सही. मी केली. पेन अडखळलं नाही.

मी तिला असं म्हणायला शिकवलेलं नाही, असं मी गेले पाच महिने स्वतःला सांगत होते. शब्द शिकवले नाहीत हे खरं आहे. आदल्या संध्याकाळी तिची वेणी घालताना मी एवढंच म्हणाले होते, की तुला आई आहे म्हणून आपली शाळा बंद होणार आहे. तुझ्या मैत्रिणी तीन शाळांत वाटल्या जाणार आणि मावशीची खुर्ची जाणार. आई नसती तर काही झालं नसतं. बाकी उत्तर तिने स्वतः काढलं. हुशार आहे.

तेव्हा दाखला. दाखला पालकाला देतात. पालक मी आहे. सरकारी कागदावर तू गेलेली आहेस. तू जिवंत आहेस हे सिद्ध करता येईलच, नाही असं नाही. त्याला अर्ज लागतो, चौकशी लागते, वरच्या कार्यालयात चकरा माराव्या लागतात, वर्ष-दीड वर्ष कुठे गेलं कळत नाही. तुझी रजा बारा दिवसांची. चौकशीत मला विचारलं तर मी खरं तेच सांगेन, की आई मुलीला सोडून गेली आणि ऑक्टोबरपासून मुलीशी एकदाही बोलली नाही. फोन कंपनीचं बिल काढलं तर तेच दिसेल.

तू म्हणशील, ताईने शाळेसाठी माझी पोर खाल्ली. इथे सगळ्यांना तसंच वाटेल, आणि मला ते चालेल, त्यात मान आहे. पण ते फोनचं सोडलं तर तुला मी कधी खोटं सांगितलं नाही, लपवलं असेल, खोटं सांगितलं नाही. म्हणून हेही वाच.

निकाल लागल्यावर पंधरा दिवस नोंदी दुरुस्त करता येतात. सत्तावीस मे शेवटची तारीख होती. त्या दिवशी दुपारी कारकून दुरुस्तीचा कागद भरून घेऊन आला. फक्त माझी सही राहिली होती. दार लोटून घेतलं त्याने आणि हळू आवाजात म्हणाला, "बाई, रागावू नका. गेल्या मे महिन्यात या मुलीला सोडायला तिची आई आली होती, मी स्वतः त्यांना पाणी दिलंय. तपासणीत काहीतरी गडबड झाली असणार. दुरुस्त करून टाकू. आता मुलगी पास आहे, ती धरून दहात सहा होतात, बरोब्बर साठ टक्के. शाळेला काही धक्का लागत नाही, बाई, मी दोनदा मोजलं."

मीही मोजलं होतं. निकाल आला त्याच सकाळी, शिपायाची घंटा वाजत असताना. ती सहावी होईल असं कुणी सांगितलं तर मी हसणार होते ना? झाली सहावी. काही करायची गरजच नव्हती, धाकटे. ना फोन काढायची, ना ती तहान, ना जानेवारी. तिला नुसती शिकवली असती तरी शाळा वाचली असती. मला तुझी लाज वाटते असं मी आयुष्यभर म्हणत आले, त्या सकाळी माझी वाटली. तेवढी एक सकाळ.

आणि तरीही कारकून कागद घेऊन उभा होता आणि मी सही केली नाही. तो म्हणाला, "पण त्या बाई?" मी म्हटलं, "ती शेजारीण होती तिची. सोडायला आली होती." तो पंधरा वर्षं माझ्याकडे आहे, खाली मान घालून कागद घेऊन गेला. पाच वाजले, कार्यालय बंद झालं, मुदत संपली. मी दप्तर आवरलं. ती फाटकाशी उभी होती, नेहमीसारखी, माझी पिशवी घ्यायला.

त्यात शाळा कुठेच नव्हती. मला ती हवी होती. पन्नाशी ओलांडल्यावर माझ्या घरात कुणीतरी माझ्यासारखी वाटी पुसतं, माझ्यासारखं "हूं" म्हणतं, आणि ते मी तुला परत देणार नाही. तुला नवरा होता, त्याची आई होती, तुझ्या सासरचे सगळे तुझ्याशी हसून बोलायचे, हे मला लोक येऊन सांगायचे. मला काय होतं? हजेरीपट.

काल तिला सांगितलं मी. उद्या असं नको व्हायला, की तिला विचारलंच नाही. भाजी निवडत होतो दोघी. म्हटलं, तुझी आई येते आहे पंधरा तारखेला, तुला न्यायला.

तिने हातातली शेंग खाली ठेवली. सरळ बसली, हात मांडीवर, वर्गात प्रश्न विचारल्यावर बसतात तशी ताठ. म्हणाली, "आई वारली." आणि उत्तर बरोबर आलं का ते बघायला माझ्या तोंडाकडे पाहिलं.

मी म्हटलं, बरोबर.

ताई